ठरावाने दहा किलोमीटर

रविवारी सकाळी आठ वाजून सात मिनिटांनी टेकडीची दहा किलोमीटरची फेरी सात किलोमीटर एकशे ऐंशी मीटरची झाली.

घटना एवढीच. पडझड नाही, कुणी जखमी नाही. टेकडीच्या पायथ्याशी लोखंडी फाटकासमोर वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले एक निरीक्षक हातातल्या पिवळ्या-काळ्या यंत्राकडे बघत उभे होते आणि त्यांच्या मागे फेरी मंडळाचे पाच सभासद घाम पुसत होते. निरीक्षकांनी यंत्र एकदा हलवलं, दोनदा हलवलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दुकानदारांना काटा असाच हलवताना पाहिलं होतं आणि त्यांच्यावर खटले भरले होते. यंत्रावरचा आकडा हलला नाही.

"सात पॉइंट एक आठ," ते म्हणाले.

"आणि वरचे तीन?" मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. बेरजेत हातचा विसरलेल्या मुलाला ते याच आवाजात विचारत असत.

"वरचे तीन नाहीत, सर."

"नाहीत म्हणजे? वाटेत पडले की काय?"

रविवारी सकाळी सहाला फाटकापासून निघायचं, टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढायचं, टाकीजवळच्या टपरीवर चहा घ्यायचा आणि उतरायचं, एवढंच या मंडळाचं काम. पण त्याला नोंदवही आहे, आणि नोंदवही आली की माणूस नुसता चालत नाही, जमा होत जातो. फेरी संपली की मुख्याध्यापक हजर सभासदांच्या नावापुढे दहा किलोमीटर लिहितात. हजार झाले की प्रमाणपत्र. अडीच हजारांना टोपी. पाच हजारांना टाकीखालच्या वळणावर, सभासदाच्या नावाचा दगडी बाक. बाकापर्यंत अजून कुणी पोचलं नव्हतं. निरीक्षकांची ही चारशे अठ्ठ्याण्णवावी फेरी होती. दोनच रविवार उरले होते.

बाक कशाला हवा, असं कुणी विचारलं की निरीक्षक 'सार्वजनिक सोय' म्हणत. खरं कारण त्या वळणावर होतं. तिथून खाली बाजाराची पत्र्याची छपरं दिसतात. त्या बाजारात निरीक्षक एकतीस वर्षं हिंडले आणि एकदाही बसले नाहीत. दुकानदार 'बसा ना साहेब' म्हणत. पण बसलं की चहा येतो, चहा आला की मुलांची चौकशी होते, आणि मुलांची चौकशी करणाऱ्याचा काटा उलटा करून बघायला हात धजत नाही, असं त्यांचं मत होतं. मग नोकरीच्या शेवटच्या दिवशी ते निरोप घ्यायला बाजारात गेले. त्या दिवशी बसायला हरकत नव्हती. त्या दिवशी कुणी 'बसा' म्हटलं नाही. तेव्हापासून त्यांना त्या छपरांच्या बरोबर डोक्यावर, स्वतःच्या नावाच्या बाकावर, पाय पसरून बसायचं होतं.

फेरी मोजायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, हेही इथे नोंदवलं पाहिजे. बाकासाठी नगरपालिकेच्या उद्यान विभागाचा अर्ज भरायचा होता. त्यात नऊ नंबरचा रकाना 'अंतराचा पुरावा (जोडावा)' असा होता. मुख्याध्यापक नोंदवहीची प्रत जोडणार होते, आणि ती बिनबोभाट चालली असती. पण निरीक्षक म्हणाले, "नोंदवही म्हणजे आपलंच म्हणणं झालं. मोजलेला आकडा देऊ." आयुष्यात त्यांनी बऱ्याच लोकांना अडचणीत आणलं होतं, स्वतःला पहिल्यांदाच आणलं.

यंत्र लेकीने पाठवलं होतं. बाबा गाडी काढतात, रस्ता चुकतात आणि काहीही झालं तरी कुणाला विचारत नाहीत, अशी तिची जुनी तक्रार. हे उपग्रहावर चालणारं, तळहातावर मावणारं यंत्र गाडीत लावलं की रस्ता दाखवतं आणि रानावनात नेलं की पायवाट. किती चाललात, किती वेगाने, किती उंच, सगळं टिपून ठेवतं. निरीक्षकांनी आधी यंत्राचीच परीक्षा घेतली. ते स्वतःच्या घरून निघून स्वतःच्याच घरी आले. यंत्राने घर बरोबर ओळखलं, फक्त रस्त्याच्या पलीकडे, दंतवैद्याच्या दवाखान्यात.

"यंत्रालासुद्धा कळलंय तुम्ही केव्हापासून टाळताय ते," दंतवैद्य म्हणाले. ते मंडळाचे सभासद होते, चार हजार तीनशे दहा किलोमीटर.

तर फाटकाशी निरीक्षकांनी वही काढली आणि गुणाकार केला. चारशे अठ्ठ्याण्णव फेऱ्या म्हणजे तीन हजार पाचशे पंच्याहत्तर किलोमीटर सहाशे चाळीस मीटर. बाक दोन रविवारांवरून तीन वर्षं दहा महिने लांब गेला.

"सर, हे दहा ठरवले कसे होते?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या सभेत," मुख्याध्यापक म्हणाले. "माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो. फेरीला दोन तास लागतात. दोन पंचे दहा. ठराव क्रमांक तीन, एकमताने मंजूर. सूचक मी. अनुमोदक..." त्यांनी नोंदवहीचं पहिलं पान उघडून निरीक्षकांच्या नाकासमोर धरलं. "अनुमोदक तुम्ही."

"त्या दोन तासांत चहा धरला होता?"

"चहा ठराव क्रमांक चारमध्ये आहे."

घरी पत्नी शिलाईयंत्रापाशी बसली होती. ती कपडे शिवायची. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या, यंत्र हातात घेतलं आणि बटणं दाबून दोन मिनिटांत निरीक्षकांना न सापडलेलं पान उघडलं.

"अहो, हा 'थांबलेला वेळ' त्रेचाळीस मिनिटं म्हणजे काय?"

"चहा."

"एक कप?"

"मंडळाचे विषय असतात."

"दोन तास चालून आलो म्हणून दर रविवारी दुपारी तीन तास झोपता. आता आकड्याप्रमाणे झोपा." मग नवऱ्याचा चेहरा बघून तिने यंत्र खाली ठेवलं. "कुणाला सांगितलंत?"

"सगळे होते तिथे."

"मग आता काय. माझ्याकडे माप द्यायला येणारी प्रत्येक बाई पोट आत ओढून उभी राहते. मी टेप धरून गप्पा मारत बसते. श्वास सोडला की मोजते. तुमच्या मंडळाने साडेनऊ वर्षं पोट आत धरलं होतं, इतकंच."

पुढचा आठवडा सल्ल्यांचा होता. सोमवारी दंतवैद्य हातात कवळीचा साचा घेऊनच रस्ता ओलांडून आले. म्हणाले, "एकदाच मोजून काही सिद्ध होत नाही. मी दाढ काढण्यापूर्वी दोनदा फोटो काढतो." त्यांच्या पत्नीने सगळ्या नातेवाइकांना चार हजार तीनशेचा आकडा कळवलेला होता, हे त्यांनी सांगितलं नाही; ते सगळ्यांना माहीत होतं. मंगळवारी निवृत्त बसचालक आले. हे तीन हजार नऊशेवाले. त्यांनी कपाच्या बशीवर बोटाने टेकडी काढून दाखवली. "उपग्रह कुठे असतो? वर. वरून बघणाऱ्याला टेकडी चपटी दिसते. चढाचं अंतर त्याच्या गावीच नाही. मी घाटात गाडी चालवलीय, नकाशात बोटभर असतो घाट, आणि गाडीतल्या लोकांना विचारा किती असतो ते." हे म्हणणं निरीक्षकांना इतकं पटलं की त्यांनी रात्रीच्या जेवणापर्यंत उतार, उंची, लंब असं सगळं मांडून बघितलं. चढ धरून फेरी पंचावन्न मीटरने वाढली.

बुधवारी मुख्याध्यापक स्वतः आले नाहीत. त्यांनी चिठ्ठी पाठवली. 'दहा हा आकडा नसून संकल्प आहे, याचा विचार व्हावा.'

दुसऱ्या रविवारी टपरीवर वेगळाच शोध लागला. चहा संपेपर्यंत दंतवैद्यांनी यंत्र टेबलावर ठेवून दिलं होतं. उठताना त्यांनी पाहिलं आणि ते ओरडलेच. यंत्र टेबलावर असताना दोनशे चाळीस मीटर चाललं होतं. पडद्यावर टपरीभोवती कोंबडीने उकिरडा उकरावा तशा रेघा होत्या.

"हा दोष आहे," निरीक्षक म्हणाले. "एका जागी ठेवलं की त्याचा अंदाज इकडेतिकडे सरकतो, आणि सरकणं ते अंतरात धरतं. माहितीपत्रकात लिहिलंय."

"दोष कसला?" बसचालक म्हणाले. "म्हणजे आपण बसलो तरी चालतो!"

मुख्याध्यापकांनी खिशातून पेन्सिल काढली. "आजवरचा सगळा चहा धरला तर तुमचेच एकशे वीस किलोमीटर निघतात हो."

"सर, तो चहा आहे."

"यंत्राला तसं वाटत नाही. तुम्हीच म्हणालात ना, यंत्रावर विश्वास ठेवा?"

निरीक्षकांनी मान डोलावली. सगळ्यांना वाटलं, पटलं. मग त्यांनी वही काढली आणि ते दोनशे चाळीस मीटर गेल्या रविवारच्या आकड्यातून वजा केले. फेरी आता सहा किलोमीटर नऊशे चाळीसची झाली. त्या आठवड्यात निरीक्षकांकडे सल्ला द्यायला कुणी आलं नाही.

तिसरा रविवार पाचशेव्या फेरीचा. खालच्या फाटकाशी मुख्याध्यापकांनी भाषण केलं. त्यात 'पाच हजार' हा शब्द नऊ वेळा आला, आणि दर वेळी निरीक्षकांनी घसा खाकरला. नोंदवहीत त्यांनी शाईने नोंद करू दिली नाही. मुख्याध्यापकांनी पेन्सिलीने केली. या सगळ्या गडबडीत यंत्र खिशात चालूच राहिलं. ते घरून निघतानाही चालूच होतं, आणि निरीक्षक फाटकापर्यंत नेहमी गाडीने येत. चालायला जाण्यासाठी गाडी का लागते, हा प्रश्न त्यांच्या पत्नीने पूर्वी विचारला होता. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

दुपारी लेक आली. तिने हौसेने यंत्रातली नोंद संगणकावर घेऊन एक सुंदर कागद छापला. नकाशा, तांबडी रेघ, वर अंतर ठळक अक्षरांत. निरीक्षक तेव्हा झोपले होते, आकड्याप्रमाणे. चहाच्या वेळी मुख्याध्यापक डोकावले, कागद पाहून त्यांचे डोळे भरून आले आणि तो त्यांनी अर्जाला जोडायला घडी न घालता नेला.

सोमवारी सकाळी अकराला उद्यान विभागातून बोलावणं आलं. सही राहिली होती.

विभागाचा लिपिक मान वर न करता बोलणारा होता. टेबलावर गुलाबाची कुंडी होती, आणि ती प्लास्टिकची होती. "दहा पॉइंट शून्य चार," तो म्हणाला. "पाचशे फेऱ्या. अंतर पुरेसं आहे. इथे सही." त्याने शिक्का शाईच्या डबीवर दाबून हातात तयार ठेवला.

निरीक्षकांनी सवयीने कागद खालून वर वाचायला घेतला. गडबड नेहमी तळाशी असते, असा त्यांचा अनुभव. तळाशी लिहिलं होतं: 'सर्वाधिक वेग, ताशी ५१ किलोमीटर.'

"हे बरोबर नाही," ते म्हणाले.

लिपिकाने पहिल्यांदा मान वर केली. त्याने ती ओळ वाचली आणि टेबलावरून वाकून निरीक्षकांचे गुडघे पाहिले. "चढाला की उताराला?"

"गाडीत! घरून फाटकापर्यंत, आणि परत. ते अंतर यात मिसळलंय."

"गाडीत तुम्हीच होतात ना?"

"मीच."

"मग अंतर तुमचंच झालं की. रकाना नऊ बघा. अंतराचा पुरावा. पायी, असं म्हटलंय का कुठे?"

म्हटलेलं नव्हतं. निरीक्षकांनी रकाना दोनदा वाचला. बाहेर व्हरांड्यात मुख्याध्यापक आणि दंतवैद्य थांबले होते. जाळीच्या दारातून त्यांचे चेहरे दिसत होते. समोर दहा होते, ठळक अक्षरांत, उपग्रहाने दिलेले. शिक्का खाली येऊ लागला. निरीक्षकांनी काही ठरवलं असं म्हणता येणार नाही. त्यांचा हात मध्ये गेला. चुकीचा काटा दिसला की तो एकतीस वर्षं असाच मध्ये जात असे.

शिक्का त्यांच्या मनगटावर उमटला. 'मंजूर. उद्यान विभाग.'

व्हरांड्यात कुणीतरी 'अरे देवा' म्हटलं.

"आता पंचाईत केलीत," लिपिक म्हणाला. त्याने शिक्का पुसला आणि ड्रॉवरमधून दुसरा, जास्त लांब अर्ज काढला. "अर्जदारानेच पुराव्यावर आक्षेप घेतला. आता यंत्र अचूक आहे असा सक्षम खात्याचा दाखला लागेल. वजनमापे खातं. कुठे आहे माहीत आहे का?"

निरीक्षक उठले.

मंगळवारी ते जुन्या कार्यालयात गेले. दंतवैद्य सोबत आले. एकट्याला सोडलं तर हा माणूस अजून काय कबूल करील सांगता येत नाही, असं मंडळाचं मत पडलं होतं. गाडीत यंत्र लावलेलंच होतं. एकतीस वर्षं रोज तुडवलेल्या रस्त्यावर ते निरीक्षकांना 'डावीकडे वळा' सांगत राहिलं आणि निरीक्षक 'माहीत आहे' म्हणत राहिले.

कार्यालयाच्या प्रमुख आता उपनियंत्रक बाई होत्या. पंधरा वर्षांपूर्वी त्या निरीक्षकांच्या हाताखाली शिकायला आल्या होत्या. त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"सर! या, बसा ना."

"नको, उभाच बरा," निरीक्षक म्हणाले. मनगटावरची बाही त्यांनी खाली ओढली. "हे यंत्र तपासून, शिक्का मारून हवंय."

बाईंनी यंत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं. "छान आहे. माझ्या भावाकडे आहे, तो डोंगरात घेऊन जातो. यावर शिक्का नाही, सर."

"म्हणूनच आणलंय."

"वापरलंय का?"

"टेकडीचं अंतर मोजलं."

"स्वतःसाठी? की कुठे नोंद दिलीत?"

दंतवैद्यांनी टेबलाखालून निरीक्षकांच्या बुटावर बूट ठेवला.

"सार्वजनिक नोंदीसाठी," निरीक्षक म्हणाले. "अर्ज रकाना नऊ."

बाईंनी यंत्र टेबलाच्या बरोबर मध्यभागी ठेवलं. "सर, शिक्का नसलेलं मोजमापाचं साधन, सार्वजनिक नोंदीसाठी वापरलेलं, आणि वापरणाऱ्याची कबुली. अशा वेळी काय करायचं?"

पंखा फिरत होता. पंधरा वर्षांपूर्वी याच खोलीत निरीक्षकांनी हाच प्रश्न पहिल्या बाकावरच्या एका मुलीला विचारला होता, आणि उत्तर पाठ होईपर्यंत तिला खाली बसू दिलं नव्हतं.

"आधी ताब्यात घ्यायचं," निरीक्षक म्हणाले, "मग बोलायचं."

"आपण आधी बोललो. चूक माझी झाली, सर." आणि त्यांनी पंचनाम्याचा कागद पुढे ओढला.

पंच म्हणून दंतवैद्य आणि शिपाई. दंतवैद्यांनी हे मैत्रीत बसत नाही असं सांगून पाहिलं. निरीक्षकांनीच त्यांना पेन दिलं. पंचनामा लिहून होईपर्यंत ते बाईंच्या खांद्यावरून वाचत होते. "'चालू स्थितीत' लिहा. नंतर वाद होतात," ते म्हणाले. बाईंनी लिहिलं. मग यंत्र जप्त मालाच्या काचेच्या कपाटात गेलं, खिडकीपाशी, आतून पोखरलेल्या दोन किलोच्या वजनाशेजारी. वजनावरची चिठ्ठी निरीक्षकांच्या हस्ताक्षरातली होती, शाई अजून फिकी झाली नव्हती.

"शिक्का मिळेल ना पण?" दंतवैद्यांनी विचारलं.

"मीटरपट्टीला आहे, टेपला आहे, कापडाच्या गजाला आहे. उपग्रहाला कुठे मारायचा हे नियमात नाही," बाई म्हणाल्या. "मुख्य कार्यालयाकडे मार्गदर्शन मागवते."

मुख्य कार्यालयाचं मार्गदर्शन किती दिवसांत येतं, हे निरीक्षकांनी विचारलं नाही. त्यांनी एकदा मागवलेलं मार्गदर्शन त्यांच्या निवृत्तीनंतर आलं होतं.

बुधवारी सकाळी बाईंचा फोन आला. बॅटरी संपण्यापूर्वी यंत्र कपाटात तीन किलोमीटर चाललं होतं. त्यांनी तशी नोंद केली होती.

मंडळात मात्र आनंद होता. पुरावा जप्त झाला, म्हणजे पुरावा उरला नाही. पुरावा नाही, म्हणजे ठराव कायम, असं मुख्याध्यापकांचं विवेचन. तातडीची सभा झाली. ठराव क्रमांक तीन पुन्हा मांडण्यात आला आणि पाच विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. मुख्याध्यापकांनी नोंदवहीत लिहिलं: 'एकमताने. एक सभासद अनुपस्थित.' निरीक्षक त्या वेळी त्यांच्या शेजारी उभे होते.

"माझी एकच विनंती आहे," सभा संपल्यावर मुख्याध्यापक हळू आवाजात म्हणाले. वर्गात ते कधी हळू बोलले नव्हते. "तुमचे पाच हजार झाले नाहीत, तर कुणाचंच काही झालं नाही. मी पंचाहत्तर वर्षांचा आहे. माझे चार हजार सहाशे आहेत. ते राहू द्या ना."

निरीक्षक घरी गेले आणि त्या रात्री झोपले नाहीत.

गुरुवारी बाक आला. मंजुरी अडली होती, पण बाकाचं काम उद्यान विभागाच्या दुसऱ्या शाखेकडे होतं आणि त्या शाखेला पहिल्या शाखेने काही कळवलं नव्हतं. गवंड्याने वळणावर बाक बसवला, त्यावर पाटी ठोकली. पाटीवर निरीक्षकांचं नाव, खाली 'पायी चाललेले अंतर', आणि त्यापुढे बोटभर मोकळी जागा, कारण आकडा मंजुरीनंतर कोरायचा होता. रविवारी मंडळ आळीपाळीने त्यावर बसलं. बसचालकांनी तर चपला काढून मांडी घातली. निरीक्षक बाजूला उभे राहिले.

"बसा हो, तुमचंच नाव आहे," दंतवैद्य म्हणाले.

"आकडा आला की बसेन."

सोमवारी पुन्हा उपनियंत्रक बाईंचा फोन. "सर, कार्यालयात वीस मीटरची पोलादी टेप आहे. शिक्क्याची. अर्ज केलात तर एकवीस दिवसांसाठी देता येते. उपग्रहाची वाट बघत बसू नका."

टेप आली. एकदा लावली की वीस मीटर. टेकडी आख्खी, वर आणि खाली, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास वेळा. जायचं तेवढंच यायचं, मग एकच बाजू मोजून दुप्पट करा, असं लेकीने सुचवलं. निरीक्षक म्हणाले, उतरताना वळणं आतल्या अंगाने घेतो, ती वेगळी मोजली पाहिजेत. पण टेपला दोन टोकं असतात. मुख्याध्यापकांच्या गुडघ्यात कळ आली. बसचालकांना तत्त्वाचा प्रश्न होता. दंतवैद्य म्हणाले, पंच म्हणून एकदा सही केली आहे, आता पुन्हा नको.

पत्नीने गळ्यातली टेप काढून शिलाईयंत्रावर टांगली आणि चपला घातल्या.

"द्या इकडे."

पाचशे रविवारांत ती टेकडीवर आली नव्हती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि हे फाटकाशीच निरीक्षकांच्या लक्षात आलं. ती टेपचं टोक घेऊन पुढे चालायची, खडूने खूण करायची, निरीक्षक मागून येऊन खुणेवर आपलं टोक ठेवायचे. "ताणू नका," ती पुढून सांगायची. "सैलही सोडू नका. झोळ पडलाय तिकडे. हां. आता लिहा." लोक थांबून बघत. एकाने विचारलं, रस्ता रुंद होणार का. दुसऱ्याने आपल्या प्लॉटचा विषय काढला. पाऊण सकाळ चालायचं, मग खूण करून घरी.

मुख्य कार्यालयाचं मार्गदर्शन आलेलं नाही. टेप येत्या मंगळवारी परत द्यायची आहे, आणि उताराची बाजू पूर्ण बाकी आहे. मुख्याध्यापक दर संध्याकाळी फोन करून 'किती झालं' विचारतात आणि उत्तर ऐकण्याआधी फोन ठेवतात.

शनिवारी सकाळी टेप एकशे एकाहत्तराव्या वेळी लागली तेव्हा तिचं पुढचं टोक वळणावर पोचलं. पत्नीने खूण केली, पाटी वाचली, पदराने दगडावरची धूळ झटकली आणि टोक मुठीत धरून बाकावर बसली. खाली बाजार उघडत होता. पत्र्यांवर ऊन आलं होतं.

"अहो, या. बसा," ती वीस मीटरवरून म्हणाली.

"हे टोक सुटेल."

"मग राहा उभे. इथून सगळा बाजार दिसतो."

निरीक्षकांनी एका हाताने टोक धरून दुसऱ्या हाताने गुडघ्यावर वही उघडली आणि लिहिलं: १७१. वेळ नऊ पस्तीस. टेप ताठ. दुसरं टोक बाकावर बसलेलं आहे.